रानभाज्यांचा जुना ब्लॉग: आहे तिथेच सुधारू की वर्डप्रेसवर नेऊ?

रानजाई

नमस्कार मंडळी. मी चिपळूणला राहते, ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. २००९ पासून ब्लॉगस्पॉटवर (गूगलच्या ब्लॉगर सेवेवर) कोकणातल्या रानभाज्यांविषयी लिहिते आहे. पहिली शेवळं बाजारात कधी आली, सोबत काकडं होती का, टाकळा किती पावसानंतर खुडण्याजोगा झाला, भारंगीचा कोवळा पाला कोणी कसा शिजवला. दरवर्षी भाज्या त्याच, तारखा वेगळ्या. इतक्या वर्षांनी त्या तारखांनाच किंमत आली आहे. प्रकल्पासाठी एखादी विद्यार्थिनी विचारते, "मॅडम, शेवळं पूर्वी कधी यायची?" तेव्हा मी तिला जुन्या जूनच्या नोंदी उघडून देते. अशी नोंद आमच्या भागात दुसऱ्या कोणी ठेवलेली मला तरी दिसलेली नाही.

आणि टिप्पण्या! फोडशीला कोणाकडे कुलू म्हणतात, करटुल्यांना कोणाकडे फागलं, शेवळांची खाज घालवायला कुठे आमसूल तर कुठे चिंच, हे सगळं वाचकांनी आपणहून लिहिलंय. त्यातले काही वयस्कर वाचक आता हयात नाहीत. त्यांचा एकही शब्द गमवायचा नाही, ही माझी पहिली अट.

२२ जुलै २०२१ च्या पुरात आमचा तळमजला पूर्ण पाण्याखाली होता. कॉम्प्युटर, हार्ड डिस्क, कॅमेऱ्याची कार्डं, नोंदवह्या, सगळं गेलं. त्याआधीचे फोटो आता फक्त ब्लॉगवर उरलेत, तेही छोट्या आकारात.

अडचण अशी की टेम्प्लेट (ब्लॉगच्या मांडणीचा साचा, म्हणजे थीम) अजून जुना 'मिनिमा' आहे. फोनवर अक्षर इतकं बारीक दिसतं की वाचक वैतागतात. भाचा म्हणतो, मावशी, स्वतःचं डोमेन (वेबसाइटचा स्वतःच्या नावाचा पत्ता) घे आणि वर्डप्रेसवर (वेबसाइट चालवायच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर) जा. कॉलेज, सासूबाईंची औषधं, रात्रीचा स्वयंपाक आवरून माझ्या हाती साडेनऊ ते साडेदहा एवढाच वेळ राहतो. मार्च-एप्रिलात बोर्डाचे पेपर आले की तोही नाही. एवढ्या वेळात काय झेपेल? आणि सुरुवात कुठून करू?

कळफलक

ताई, सुरुवात फोटोंपासून करा, बाकी सगळं थांबू शकतं. मिनिमात मजकुराचा रकाना ४१० पिक्सेलचा असायचा, म्हणून पोस्टमध्ये फोटो छोटा करून बसवलेला असतो. मोठी प्रत बहुतेक वेळा गूगलच्या सर्व्हरवर असते. फोटो वेगळ्या टॅबमध्ये उघडा आणि वरचा पत्ता नीट बघा. त्यात 'एस' या इंग्रजी अक्षरापुढे ३२० किंवा ४०० असा आकडा दिसेल. तो खोडून इंग्रजी शून्य टाका आणि एंटर मारा. गूगलकडे साठवलेला सगळ्यात मोठा आकार उघडेल, तो उतरवून घ्या.

दुसरं, ब्लॉगरच्या सेटिंग्जमधून किंवा गूगल टेकआउटमधून (गूगलकडचा आपला मजकूर उतरवून घ्यायची सोय) पूर्ण ब्लॉगचा बॅकअप घ्या. त्या फाइलमध्ये पोस्ट आणि टिप्पण्या येतात. फोटो मात्र नसतात, फोटोंचे फक्त पत्ते असतात. ते पत्ते वेचून, आकडा बदलून, सगळे फोटो एकदम उतरवणारी छोटी स्क्रिप्ट कोणताही कॉम्प्युटर शिकणारा मुलगा लिहू शकतो. भाच्याला उत्साह आहे ना, त्याला हे काम द्या.

आता वर्डप्रेस. मी पुण्यात होस्टिंगचंच (वेबसाइटना सर्व्हरवर भाड्याने जागा देण्याचं) काम करतो, तरीही तुम्हाला आत्ता 'जा' म्हणणार नाही. स्वतःच्या होस्टिंगवर वर्डप्रेस म्हणजे प्लगिन (जोडसुविधा), थीम आणि पीएचपीची (वर्डप्रेस ज्या संगणकीय भाषेवर चालतं तिची) आवृत्ती सतत सांभाळणं. २०२२ च्या नोव्हेंबरात पीएचपी ७.४ चा सपोर्ट संपला, त्यानंतर ८ वर जाताना कित्येक जुन्या थीम अडल्या. पेपर तपासायच्या महिन्यात साइट बंद पडली तर कोण बघणार?

आणि पत्त्यांचा प्रश्न मोठा आहे. ब्लॉगर पोस्टच्या शीर्षकातली देवनागरी पत्त्यात घेत नाही, म्हणून मराठी ब्लॉगांच्या जुन्या लिंका 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे आकडा अशा असतात. वर्डप्रेस देवनागरी घेतं, पण एकेक अक्षर किंवा काना-मात्रा पत्त्यात नऊ चिन्हांची होते आणि मर्यादा आहे २०० चिन्हांची. म्हणजे साधारण बावीस अक्षरं-काने-मात्रा झाल्या की शीर्षक तुटतं. स्थलांतरात जुने पत्ते हुबेहूब राखले नाहीत, तर इतरांनी तुमच्या नोंदींना दिलेल्या सगळ्या लिंका मरतात.

म्हणून मधला मार्ग. डोमेन घ्या (डॉट इनला वर्षाला हजाराच्या आसपास) आणि ते ब्लॉगरलाच जोडा. घर तेच, दारावर पाटी नवी. जुना ब्लॉगस्पॉटचा पत्ता टाकणारा वाचक आपोआप नव्या पत्त्यावर पोचतो. होस्टिंगचा खर्च नाही, सुरक्षित जोडणीही तिथेच फुकट मिळते. पुढे कधी वर्डप्रेसवर गेलात तर पत्त्याची रचना वर्ष, महिना, नाव आणि शेवटी डॉट एचटीएमएल अशी ठेवायची, म्हणजे लिंका टिकतात.

सातपुडा

मी एसटीत वाहक आहे, धुळे विभागात. मुक्कामी गाडी असली की रात्री फोनवरून आठवडे बाजारांबद्दल लिहितो. माझा ब्लॉग मी वर्डप्रेसवर नेला आणि मला ते मानवलं, कारण फोनवरच्या ॲपमधून लिहिणं सोपं जातं, रेंज नसली तरी मसुदा राहतो. त्यामुळे वर्डप्रेस सरसकट नको, असं मी म्हणणार नाही. पण ताई, तुमचं वाचून वाटलं की थीम आणि डोमेन या गोष्टी दुय्यम आहेत. तुम्हीच लिहिलंय की खरी किंमत तारखांना आहे. मग त्या तारखा चारशे पोस्टांच्या पोटात का राहाव्यात?

ब्लॉगरमध्ये पोस्टशिवाय स्वतंत्र 'पेज' करता येतं. शेवळांचं एक पान करा. वर्ष, पहिल्यांदा दिसली ती तारीख, ठिकाण, त्या नोंदीची लिंक. रोज एक जुनी पोस्ट उघडून एक ओळ भरली तरी एका सुट्टीत एक भाजी पुरी होईल. मग टाकळा, मग भारंगी. वाचकांनी सांगितलेली गावोगावची नावंही त्याच पानावर, सांगणाऱ्याच्या टिप्पणीची लिंक देऊन. विद्यार्थिनीला एका नजरेत सगळं मिळेल. आमच्याकडच्या बाजारातल्या भाज्यांचं असं पान करायचं माझ्याही डोक्यात आलंय आता.

एक बारीक गोष्ट. जुन्या पोस्ट शोधताना 'खोबऱ्याचं' किंवा 'कैऱ्या' टाइप करून काही सापडलं नाही, तर पोस्ट नाही असं समजू नका. पूर्वी बरहासारख्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर हा ऱ्या वेगळ्या जोडणीने उमटायचा. डोळ्यांना सारखाच, पण ब्राउझरच्या शोधाला वेगळा. 'ॲ'चंही तेच. ते अक्षर युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या जागतिक प्रमाण यादीत) २००८ साली आलं, त्याआधी आपण अ वर चंद्र देऊन भागवायचो.

पाटीपेन्सिल

फक्त एक भर घालते. दोन वर्षं अजिबात न वापरलेलं खातं गूगल पुसून टाकू शकतं, हा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. गूगलच्या 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'मध्ये जाऊन भाच्याचं नाव आणि ईमेल नोंदवून ठेवा, तुमचं खातं बराच काळ वापराविना राहिलं तर त्याला कळवलं जाईल. शिवाय इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संग्रहात) ब्लॉगची महिनावार पानं जतन करता येतात. फुकट आहे, एका पानाला मिनिटभर लागतं. माझ्या वडिलांचा ज्ञानेश्वरीवरचा ब्लॉग मी असाच ठेवला आहे.

रानजाई

कळफलक, आत्ताच तुमचं शून्य टाकून पाहिलं. २०१२ मधला कुड्याच्या फुलांचा फोटो पूर्ण आकारात उघडला! पाकळ्यांवरची लव दिसते आहे. पुरानंतर हे फोटो मला परत दिसतील असं वाटलंच नव्हतं. खूप खूप आभार. भाच्याला बॅकअपची फाइल पाठवते आहे. उतरवलेल्या फोटोंची एक प्रत त्याच्याकडे नागपूरला राहील, चिपळूणला नाही.

सातपुडा दादा, तारखांच्या पानाचं तुमचं म्हणणं अगदी पटलं, शेवळांपासून धरते. तुमच्या बाजारांच्या ब्लॉगची लिंक इथे द्या, मला वाचायचाय. वर्डप्रेस राहू दे. डोमेन पेपर संपल्यावर बघू.

अजून दोन शंका. डोमेनचे पैसे भरायला एखाद्या वर्षी जमलं नाही तर ब्लॉग जाईल का? आणि थीम बदलली तर टिप्पण्यांना धक्का लागतो का?

कळफलक

टिप्पण्यांना काही होत नाही, त्या थीममध्ये नसतात. बाजूच्या पट्टीत स्वतः टाकलेल्या गोष्टी मात्र नव्या थीममध्ये हरवू शकतात, म्हणून आधी थीमच्याच पानावरून जुन्या थीमची प्रत उतरवा. २०१७ मध्ये आलेल्या 'कॉन्टेम्पो' वगैरे थीम फोनवर नीट दिसतात. सेटिंग्जमध्ये भाषा मराठी करा, तारखा 'जून', 'जुलै' अशा उमटतील. तुमच्याकडे तारखांचंच काम आहे. अक्षरासाठी मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता' फॉन्ट घ्या. मोफत आहे आणि लांब मजकुराला चांगला वाचला जातो.

डोमेनची मुदत संपली तरी ब्लॉग जागच्या जागी असतो. ब्लॉगरच्या सेटिंग्जमधून ते डोमेन काढून टाकलं की जुना ब्लॉगस्पॉटचा पत्ता पुन्हा चालू. पण मोकळं झालेलं डोमेन दुसरा कोणीही घेऊ शकतो, म्हणून एकदम पाच वर्षांचे पैसे भरून टाका. दहा वर्षांपर्यंत भरता येतात.