ब्रेड मशीनमधला ब्रेड मधोमध बसतो, काय चुकतंय?

निवांत_दुपार
मंडळी, ब्रेड मशीन घेऊन तीन आठवडे झाले. चार ब्रेड केले आणि चारही एकाच तऱ्हेने फसले. फुगताना असा वर येतो की झाकणाच्या काचेला टेकतोय की काय वाटावं, आणि भाजायला लागला की डोळ्यांदेखत खाली. बाहेर काढल्यावर कडा उंच, मध्ये खड्डा. कालच्या खड्ड्यात अख्खं लिंबू बसलं (ठेवून पाहिलं, हसू नका). कापल्यावर वरच्या बाजूला मोठाली भोकं, तळाशी गिच्च, आणि वास आंबूस.

मैदा ५०० ग्रॅम (काट्यावर मोजून), पाणी ३२० मिली, तेल २ चमचे, साखर, मीठ आणि इन्स्टंट यीस्ट प्रत्येकी १ चमचा. सगळं पुस्तिकेबरहुकूम. घरच्यांचं मत, मशीन परत करून टाक. मला ते पटत नाही, कारण पीठ ते माझ्यापेक्षा चांगलं मळतं.

घाईत
पाणी जास्त होतंय. २० मिली कमी करून बघा.

पिठाळ_हात
५०० ला ३२० म्हणजे ६४ टक्के, हे काही फार नाही. पण मैदा-मैद्यातही फरक असतो, म्हणून आकड्यापेक्षा गोळ्यावर विश्वास ठेवा. मळणं सुरू होऊन आठ-दहा मिनिटं झाली की झाकण उघडा, तेव्हा उघडलं तर काही बिघडत नाही. गोळा मऊ, बोटाला जेमतेम चिकटणारा, भांड्याच्या कडा स्वच्छ ठेवणारा हवा. तळाशी चिखल दिसला तर चमचाभर मैदा, गोळा ठक ठक आपटत असेल तर चमचाभर पाणी. फुगायला ठेवल्यावर मात्र झाकणाला हात लावायचा नाही.

आणि एक विचारते, चमचा म्हणजे कुठला?

निवांत_दुपार
मशीनबरोबर आलेलाच, दोन तोंडांचा. गोळा आज पाहिला, तुम्ही म्हणता तस्साच होता. यीस्ट मोठ्या तोंडाने घालते, मीठ छोट्याने. मोठ्याने घातलं तर खारट होईल ना!

पिठाळ_हात
सापडलं! मोठं तोंड १५ मिलीचं, छोटं ५ चं. तुमचं यीस्ट तिप्पट जातंय, तीनऐवजी नऊ-दहा ग्रॅम. मशीनला डोळे नाहीत, घड्याळ आहे. पीठ कधीच फुगून झालं तरी ते आपल्या वेळेलाच भाजायला घेणार. तोवर पिठातली वायू धरून ठेवणारी जाळी ताणून ताणून पातळ झालेली असते. त्यात उष्णतेने आतला वायू आणखी पसरतो, आणि ब्रेड घट्ट व्हायच्या आत जाळी फाटते. खड्डा तिथेच पडतो. आंबूस वासही जादा यीस्टचाच.

यीस्ट छोटं तोंड, सपाट. मीठ उलट वाढवा, छोटे दीड चमचे. मीठ यीस्टला आवरतं आणि पिठाला ताणही देतं. ते फक्त चवीसाठी नसतं, हे मला वर्षभराने कळलं. हवा गरम असेल तर पाणी थंडच घाला, मळताना पीठ आपसूक तापतं.

घाईत
माझे २० मिली मागे घेतो.

निवांत_दुपार
पाचवा झाला! माथा गोल, लिंबू ठेवलं तर घरंगळून खाली पडलं. उंचीला आधीच्यापेक्षा कमी, पण वरपासून खालपर्यंत एकसारखा. फक्त मशीनचं मळायचं पातं तळात रुतून बसलं होतं, ते काढताना तळाला बोगदा पडला. यावर काही उपाय?

पिठाळ_हात
शेवटचं मळणं संपलं की तेलाच्या हाताने गोळा उचला, पातं काढून घ्या, गोळा परत ठेवा. झाकण न उघडण्याच्या माझ्या नियमाला हा एकच अपवाद, पण झटपट. पातं बसतं त्या दांड्याचं बारीक भोक राहतंच. मी त्यात लोणी भरते.