पाडव्याआधी घर झाडलं, चार दिवसांत परत जाळी! काय करू?

अबोली:
आमचं घर चिपळूणजवळ गावात आहे, कौलारू, पुढे पडवी आणि मागे हापूसची पाच कलमं. थंडीत एवढा त्रास नव्हता पण फाल्गुन लागला आणि कोळी कुठून येतायत कळेना, वाशांना, फोटोंमागे, बाथरूमच्या कोपऱ्यात सगळीकडे जाळी. मागच्या रविवारी बांबूला झाडू बांधून अख्खं घर काढलं, मान आखडली, आणि गुरुवारी परत तेच. त्यात एक तळहाताएवढा तपकिरी कोळी रोज रात्री देव्हाऱ्याच्या भिंतीवर बसतो. मुलगी दोन वर्षांची, दिसेल त्याला हात लावते, आणि सासूबाई म्हणतात कोळी अंगावर चिरडला की फोड येतात. घरात मांजर पण आहे त्यामुळे फवारणी नको वाटते. पाडव्याला तीन आठवडे आहेत, प्लीज सांगा कोणीतरी.

पडवीवाला:
ताई, आधी पडवीतला दिवा बघा. कलमांना मोहोर आहे ना आत्ता? मोहोरावर तुडतुडे असतात आणि रात्री ते दिव्याकडे धावतात, बाकीची चिलटं वेगळीच. जिथे खाणं तिथे कोळी, मग तुम्ही कितीही झाडा. आमच्याकडे राजापूरला दारावरच पांढरी ट्यूब होती, ती काढली आणि पिवळा एलईडी लावला, तोही दारावर नाही, पायरीजवळच्या खांबावर. दिवेलागणीला तासभर दारं-खिडक्या लावून घेतो. दाराखालच्या फटीला रबराची पट्टी, भिंतीतल्या भेगा व्हाइट सिमेंटने बुजवल्या. कौलांखालच्या फटी काही पूर्ण बंद होत नाहीत, त्याचा नाद मी सोडलाय. आणि हो, सरपणाची रास भिंतीला टेकून असेल तर ती आधी हलवा.

कीटकमित्र:
तो मोठा तपकिरी आहे ना, त्याला कृपया मारू नका. तो जाळं विणतच नाही, रात्री फिरून झुरळं पकडतो. पोटाखाली पांढरी चपटी बटणासारखी पिशवी दिसली तर ती मादी, अंडी घेऊन फिरतेय. मुलीसाठी काळजी वाटत असेल तर रुंद तोंडाची बरणी त्याच्यावर उपडी ठेवा, खालून पुठ्ठा सरकवा आणि लांब कलमाखाली सोडून या. कोपऱ्यातली जाळी त्या काडीसारख्या पायांच्या कोळ्यांची, जाळ्याला काडी लावली की थरथरायला लागतात ते. त्यांची मादी अंड्यांचा गुच्छ तोंडात धरून बसते, म्हणून नुसतं जाळं ओढून उपयोग नाही, कोळी निसटला की दोन हातांवर परत विणतो. व्हॅक्यूम असेल तर सगळ्यासकट ओढून घ्या.

फोडांचं म्हणाल तर ते बहुतेक वेळा कोळ्यामुळे नसतात. नारिंगी-काळा, मुंगीसारखा लांबट किडा असतो, पावसाळ्यात ट्यूबखाली जास्त येतो, तो अंगावर चिरडला की त्याच्या रसाने कातडी भाजल्यासारखी होते. अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकर मारून उडवा आणि ती जागा साबणाने धुवा. सासूबाईंना हे नक्की सांगा.

पुणेकर_३रा_मजला:
आम्ही फ्लॅटमध्ये पेस्ट कंट्रोल करून घेतलं होतं, झुरळं गेली, कोळी मात्र छताला तसेच, कारण औषध सगळं खाली, जमिनीलगत मारलं होतं. मांजर आहे म्हणताय तर परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं काहीही घरात आणू नका, मांजरांना ते विषारी असतं. पुदिन्याचं तेल मी लावून बघितलंय, वास असेपर्यंत ठीक, मग परत येरे माझ्या मागल्या.

अबोली:
सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवस झाले, दिवा बदलला, सरपण गोठ्याकडे नेलं. पडवीत खरंच फरक आहे, सकाळी दिव्याखाली मेलेल्या किड्यांचा थर असायचा तो नाही आता. देव्हाऱ्यावरचा मोठा यांनी बरणीत धरून कलमाखाली सोडला, लेक टाटा करत होती. बाथरूममध्ये मात्र अजून जाळी, झरोका उघडा आहे तिथे. नेटलॉन लावायचं म्हणतेय, खिळे मारू का?

पडवीवाला:
खिळे नको, गंजतात. वेल्क्रो पट्टीवर लावा म्हणजे काढून धुता येईल. त्याआधी झरोक्याच्या आतली बाजू ओल्या फडक्याने पुसून घ्या, बाकीच्या कोळ्यांची अंडी तिथे असू शकतात.