मदत हवी आहे: होडीची बॅटरी रोज सकाळी बसलेली, अल्टरनेटर मात्र चार्जिंग दाखवतोय

सिंदफणा_काठ
माजलगाव धरणावर मासेमारीची २२ फुटी फायबर होडी आहे. दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, त्याला १२ व्होल्ट ३५ अँपिअरचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारं जनित्र). बॅटरी ८० एएच (अँपिअर-तास), टोपणवाली, वर्षसुद्धा झालेलं नाही. लोड म्हणाल तर दोन एलईडी दिवे, तळातलं पाणी उपसायचा फ्लोटवाला पंप, फिश फाइंडर आणि मोबाइल चार्जिंगचं सॉकेट.

संध्याकाळी सेल्फ लागतो, सकाळी नुसतं टक् होतं अन् दिवे मंद. बेल्ट ताठ आहे, टर्मिनल घासून साफ केलेत. दुकानात चार्जिंगला लावून आणली की काही दिवस बरी चालते, मग पुन्हा उतरायलीय. दुकानदार नवी घ्या म्हणतो. मला वाटतं रात्री काहीतरी करंट खायलंय. मल्टीमीटर आहे, कुठून सुरू करू?

मीटर_लावा
नवी घेऊ नका दादा, आत्ता घेतली तर तीही अशीच बसेल. आधी आकडे द्या.

सकाळी काहीही चालू न करता बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर व्होल्टेज बघा. क्लॅम्पवर नको, थेट खुंटावर. मग इंजिन चालू करून थोडी रेस द्या, दिवे आणि पंप चालू ठेवा, आणि दोन ठिकाणी मोजा: अल्टरनेटरच्या बी प्लस बोल्टवर (जिथून बॅटरीकडे चार्जिंगची वायर निघते) आणि बॅटरीवर.

रात्रीच्या करंटसाठी इंजिन बंद करा, निगेटिव्ह टर्मिनल काढा, मीटर १० अँपिअरला ठेवून काढलेली वायर आणि खुंट यांच्या मधे लावा. लाल वायर मीटरच्या १० ए च्या भोकात घालायला विसरू नका. मीटर मधे असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज जाईल.

सिंदफणा_काठ
सकाळी १२.०५. इंजिन चालू असताना बी प्लसला १४.३, बॅटरीवर १२.९. रात्रीचा करंट ०.३८ अँपिअर, फिश फाइंडरचा फ्यूज काढला की ०.०२ वर येतो.

मीटर_लावा
मग उत्तर तुमच्याच आकड्यात आहे. ०.३८ ने १२ तासात साधारण साडेचार एएच जातात. ८० एएच ची भरलेली बॅटरी एवढ्याने बसत नाही. फिश फाइंडर मेन स्विचच्या पुढे घ्या, म्हणजे स्विच बंद केला की तोही बंद होईल, पण खरा दोष तो नाही. तुमची बॅटरी भरतच नाही. १२.०५ म्हणजे जेमतेम पाव भरलेली, त्यातून एवढंसं गेलं तरी सेल्फ नाही म्हणणारच.

१४.३ आणि १२.९ मधला १.४ व्होल्ट वाटेत जिरतोय. अल्टरनेटरचं व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर अल्टरनेटरपाशीच व्होल्टेज बघतो, तिथे १४.३ दिसलं की त्याच्या लेखी काम झालं, तो फील्ड (अल्टरनेटरच्या चुंबकाचा करंट) कमी करतो. बॅटरीला मात्र १२.९ च मिळतं, आणि तेवढ्यात ती पूर्ण भरत नाही. महिनोन्‌महिने अर्धवट राहिली की प्लेटवर सल्फेट धरतं, मग दुकानात ‘बॅटरी गेली’ ऐकायला मिळतं.

आता इंजिन चालू ठेवून, मीटर परत व्होल्टवर आणून त्याचं एक टोक बी प्लसला, दुसरं बॅटरीच्या प्लस खुंटाला लावा. मग अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरीचा मायनस खुंट. वायर कितीची आहे, लांबी किती, तेही सांगा.

सिंदफणा_काठ
प्लस बाजूला १.०५, मायनसला ०.३५. वायर ६ स्क्वेअर एमएम, एका बाजूला ४ मीटर. क्लॅम्प मीटरने चार्जिंग करंट २५ अँपिअर होता.

जेटी_वायरमन
६ स्क्वेअरच्या वायरला दर मीटर लांबीमागे ३.३ मिलिओहम रोध धरा. ४ मीटर आणि २५ अँपिअरला ०.३३ व्होल्ट पडतो. म्हणजे मायनसची वायर जशी असायची तशीच आहे, फक्त बारीक आहे. प्लसमधे मात्र ०.७ व्होल्ट जास्तीचे आहेत, ते एखाद्या जोडात बसलेत. ०.७ गुणिले २५ म्हणजे १७ वॅटच्या वर उष्णता एकाच जागी. हात लावून बघा, फ्यूज होल्डर किंवा एखादा थिंबल (वायरच्या टोकाला दाबलेलं धातूचं टोक) चटका देईल एवढा तापलेला सापडेल.

सिंदफणा_काठ
सापडला! फ्यूज होल्डरचं प्लास्टिक एका बाजूने तपकिरी होऊन फुगलंय, आतली पितळी पट्टी हिरवी-काळी झालीय. वायरही तिथून दोन इंचापर्यंत कडक झालीय, तांबं काळं पडलंय.

जेटी_वायरमन
ते घासून वापरू नका, तो तुकडा आणि होल्डर दोन्ही टाका. प्लस आणि मायनस दोन्हीला १६ स्क्वेअर ओढा, म्हणजे २५ अँपिअरला येऊन-जाऊन पाव व्होल्टच्या आत पडतं. मायनस विसरू नका: फायबरच्या होडीला बॉडी अर्थ नसते, प्रत्येक लोडची परतीची वायर बॅटरीपर्यंत स्वतंत्र नेलेली पाहिजे. थिंबल दाबयंत्राने दाबा, हातोडीने ठोकू नका, वर जोड बंद करणारी गोंदवाली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. फ्यूज ५० अँपिअरचा, बॅटरीपासून वीतभर अंतरात. काम करताना निगेटिव्ह आधी काढा, शेवटी जोडा. बॅटरीच्या डब्याचं झाकण उघडून हवा जाऊ द्या, मगच पाना लावा. चार्ज होताना हायड्रोजन साठतो, एक ठिणगी पुरे.

आणि चार्जिंग होतंय का हे बघायला चालत्या इंजिनवर टर्मिनल काढायची जी सवय आपल्याकडे आहे, ती सोडा. त्याने व्होल्टेज उसळतं आणि अल्टरनेटरचे डायोड जातात.

मीटर_लावा
वायर बदलली तरी बॅटरी होडीवर भरत बसू नका, सल्फेट धरलंय. काठावर आणून टोपणं उघडा, ८ अँपिअरने हळू भरा. मग हायड्रोमीटरने (अ‍ॅसिडची घनता मोजणारी नळी) सहाही सेल बघा. आपल्या उन्हाळ्यात १२४० ते १२६० घनता चांगली. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ५० पॉइंटांनी खाली राहिला तरच बॅटरी बदला. पाणी प्लेटच्या वर सेंटिमीटरभर, डिस्टिल वॉटरच. बोअरचं किंवा धरणाचं नको, आणि अ‍ॅसिड तर अजिबात ओतू नका.

नवी वायर झाल्यावर तीच मोजणी पुन्हा करून इथे टाका. बॅटरीवर १४ च्या वर आलं नाही, तर मेन स्विचच्या दोन्ही बोल्टमधे मोजा.