परमुलखातला पदार्थ, घरचा ओटा : तुमचे अनुभव लिहा

पाककृतींची आता वानवा नाही. हवी ती मिळते, साहित्य-प्रमाणासकट. पण दुसऱ्या मुलखातला पदार्थ करायला घेतला की कळतं, त्यात एखादीच अशी जागा असते जिथे तो साधतो, नाहीतर हातचा जातो. दुर्मिळ मसाला, महागडं चीज वगैरे सगळं त्यानंतर. या धाग्यावर ती जागा सांगा. अख्खी कृती नको, फोटो नसला तरी चालेल.

सुरुवात मीच करते. रोमचा काचो ए पेपे. पास्ता, पेकोरिनो चीज, काळी मिरी. बस. लोणी नाही, क्रीम नाही, त्यामुळे लपायला जागाही नाही. चीजला जास्त आच लागली की त्यातली प्रथिनं एकमेकांना चिकटतात आणि सॉसऐवजी गढूळ पाण्यात रबरी गुठळ्या तरंगतात. पास्ता उकडलेल्या पाण्यातलं स्टार्च हे आवरून धरतं, पण त्या पाण्यात ते किती उतरलंय याचा भरवसा नसतो. २०२५ मध्ये काही भौतिकशास्त्रज्ञांनी यावर चक्क शोधनिबंध लिहिला आणि त्याच वर्षीचं इग नोबेलही (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारं गमतीदार पारितोषिक) पटकावलं. त्यांचं म्हणणं, चीजच्या वजनाच्या २ ते ३ टक्के स्टार्च हवं. म्हणजे २०० ग्रॅम चीजला ५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर. ते थोड्या पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवायचं, निवू द्यायचं, मगच चीज घोटायचं. रोमच्या आज्या नाकं मुरडतील. मुरडू देत, सॉस मऊसूत होतो.

* * *

मी मक्याच्या तोर्तियांबद्दल, म्हणजे मेक्सिकोतल्या पातळ भाकऱ्यांबद्दल लिहितो, कारण त्यात बहुतेकांची झटापट चुकीच्या पिठाशी चाललेली असते. मका नुसता दळून आणलेलं पीठ कितीही मळा, लाटताना कडा फाटणारच. मेक्सिकोत दाणे आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात. अशा दाण्यांना निश्तमाल म्हणतात. खाण्याचा चुना दाण्यांच्या वजनाच्या साधारण १ टक्का. दाणे त्यात शिजवून रात्रभर तसेच ठेवायचे. सकाळी पाणी पिवळंजर्द झालेलं असतं, आणि दाणे चोळले की वरची साल बोटांखाली बुळबुळीत होऊन सुटून येते. वास पालटतो. कच्च्या मक्याचा गोडसर वास जाऊन ओल्या मातीसारखा काहीतरी येतो. मग दाणे स्वच्छ धुवून वाटायचे. गोळी तळव्यावर चपटी करून बघा, कड चिरली तर पाण्याचा हात लावायचा. चिरली नाही की तवा तापवायला हरकत नाही. तापलेल्या तव्यावर दोनदा उलटली की तोर्तिया टम्म फुगते.

हे फक्त चवीपुरतं नाही. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व बांधलेलं असतं, ते चुन्यामुळे मोकळं होतं. मका युरोपात गेला पण ही रीत मागेच राहिली, आणि जिथे गरिबांचं पोट निव्वळ मक्यावर होतं तिथे पेलाग्रा, म्हणजे नायसिन कमी पडल्याने होणारा रोग, पसरला. मेक्सिकोतल्या बायकांना नायसिन हे नाव माहीत नव्हतं, पण दाणे चुन्यात शिजवायचे हे पक्कं माहीत होतं.

एवढा खटाटोप नको असेल तर 'मासा हरिना' म्हणून तयार पीठ मिळतं. मक्याचंच, पण आधी चुन्यातून काढलेलं. पाकिटावर ते नाव आहे ना, तेवढं बघून घ्या.

* * *

फलाफल : छोले भिजवलेले घ्या, शिजवलेले नाही. शिजवलेले घेतले तर वडा तेलात विरघळतो, मग लोक मैदा घालतात, मग तो दगड होतो. कच्चे भिजवलेले छोले जाडसर वाटले की त्यांचं स्टार्च कढईतच शिजतं आणि वडा धरून ठेवतं. इजिप्तमध्ये छोल्यांऐवजी वाळवलेले फावा बीन्स वापरतात, नियम तोच.

* * *

मी शाकाहारी, आणि मला जपानी पदार्थांचं वेड. ही गैरसोयीची जोडी आहे, कारण तिथल्या बहुतेक रश्शांचा पाया दाशी, आणि दाशीत कात्सुओबुशी, म्हणजे सुकवलेल्या माशाचे पापुद्रे. वाट सापडली ती रसायनशास्त्रातून. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा यांनी कोम्बू या समुद्री वनस्पतीतून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी नाव दिलं. माशातलं इनोसिनेट हीच चव कितीतरी पटींनी वाढवतं. पण वाळवलेल्या शिताके अळंब्यांमधलं ग्वानिलेटही तेच काम करतं! म्हणून कोम्बू आणि शिताके थंड पाण्यात घालून भांडं रात्रभर फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी अगदी मंद आचेवर, ६० अंशांच्या आसपास, कोम्बू राहू द्यायचा आणि उकळी फुटायच्या आत बाहेर काढायचा. उकळला तर दाशी बुळबुळीत आणि कडवट होते. अळंब्या फेकू नका. सोया सॉस आणि किंचित साखरेत शिजवून भातावर घ्या, दाशीपेक्षा त्याच आधी संपतील.

* * *

फ्राइड राइसबद्दल माझं मत जरा कडक आहे. 'हॉटेलसारखा' हा ध्यास सोडा. तिथली शेगडी घरच्या शेगडीच्या कितीतरी पट आग ओकते. तो धुरकट वास आपल्याकडे येणार नाही, आणि आणायच्या नादात तेल मात्र दुप्पट पडतं. आपल्या हातात दोनच गोष्टी : भात गार हवा आणि कढईत एका वेळी थोडाच हवा. गार भातातलं स्टार्च घट्ट झालेलं असतं, म्हणून दाणे सुटे राहतात. कढई भरली की भात परतला जात नाही, वाफवला जातो.

आणि 'शिळा भात' याचा अर्थ रात्रभर ओट्यावर राहिलेला नव्हे. बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू भात शिजला तरी टिकतात, आणि त्या जंतूने एकदा विष तयार केलं की नंतर कितीही परतलं तरी ते जात नाही. ताटात पसरून लवकर निववायचा आणि थेट फ्रिजमध्ये.

* * *

भाताचाच विषय निघालाय तर इराणी ताहदीग. भांड्याच्या तळाशी धरलेली सोनेरी, कुरकुरीत खरपुडी. तिथे पाहुण्यांच्या डोळ्यांत भातापेक्षा तीच असते. तांदूळ भरपूर खारट पाण्यात अर्धवट उकडून निथळायचा. त्यातला थोडा दही, केशर आणि तेलात कालवून तळाशी दाबायचा, उरलेला वर हलक्या हाताने डोंगरासारखा रचायचा. झाकणाला कापड गुंडाळायचं, म्हणजे वाफेचं पाणी भातावर ठिबकत नाही. झाकण उघडून तळ दिसत नाही, तेव्हा सगळी भिस्त कानावर आणि नाकावर. आधी तडतड जोरात असते, मग बारीक होते, मग भाजक्या दाण्याचा वास येतो. तो आला की गॅस बंद. लगेच भांड्याचा बुडखा थंड पाण्यात टेकवला की खरपुडी सुटते आणि ताटात अख्खी उलटते. पातळ बुडाच्या भांड्यात हा उद्योग करू नये.

* * *

थाई करीची पेस्ट विकतची की घरी कुटलेली, यावर तावातावाने वाद होतात. मी विकतची वापरते. वेळ असेल त्याने जरूर कुटावी, चव नक्कीच उजवी येते. पण खरी मेख नारळाच्या दुधात आहे. वरची दाट साय आधी एकटीच कढईत घालून आटवायची, ती फुटून तेल सुटलं पाहिजे, त्या तेलात पेस्ट परतायची. पातळ दूध शेवटी. आता अडचण अशी, की पुष्कळशा डब्यांमधल्या दुधात ते फुटू नये म्हणूनच पदार्थ घातलेले असतात. त्याचं तेल कितीही आटवलं तरी सुटत नाही, आणि माणूस आपल्या आचेला दोष देत बसतो. डबा उलटा करून घटकांची यादी वाचा. नारळ आणि पाणी, एवढंच असलेला घ्या. नसेल मिळत, तर सरळ चमचाभर तेलात पेस्ट परता.