अकरावीनंतरच्या सुट्टीत पदवीची क्रेडिट्स मिळवता येतात का?

प्रश्न : एक पालक, विश्रामबाग, सांगली

नमस्कार. माझी मुलगी विज्ञान शाखेची अकरावी पूर्ण करून बारावीत गेली आहे. तिचा आतेभाऊ कॅलिफोर्नियात हायस्कूलमध्ये शिकतो. तो या उन्हाळ्यात तिथल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे पदवीचे सुरुवातीचे विषय शिकवणाऱ्या सरकारी महाविद्यालयात, संख्याशास्त्राचा विषय घेणार असून त्याची क्रेडिट्स (विषय पूर्ण केल्यावर मिळणारे श्रेयांक) पुढे पदवीत धरली जातील, असे माझ्या बहिणीने सांगितले. तेव्हापासून आपल्यालाही असे करता येईल का, असे मुलगी विचारते आहे. तिला संख्याशास्त्र आणि संगणक या दोन्ही विषयांची मनापासून आवड आहे. दरम्यान एका खासगी क्लासची ‘बारावीआधीच पदवीची क्रेडिट्स’ अशी जाहिरात पाहण्यात आली. शुल्क भरण्यापूर्वी नियम समजून घ्यावेत, म्हणून विचारतो. ती पुढे शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात किंवा अभियांत्रिकीला गेली, तर आत्ता मिळवलेली क्रेडिट्स तिथे मोजली जातील का?

उत्तर : संख्याशास्त्राचे प्राध्यापक, सातारा

आपण पैसे भरण्याआधी विचारलेत, हे फार बरे झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी ‘अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ ही विद्यार्थ्यांची क्रेडिट्स ऑनलाइन खात्यात जमा ठेवणारी व्यवस्था अस्तित्वात आली आणि तीत जमा झालेली क्रेडिट्स जास्तीत जास्त ७ वर्षे ग्राह्य धरली जातात. मात्र पदवीची क्रेडिट्स तिथे जमा करण्याचा अधिकार नोंदणीकृत उच्च शिक्षण संस्थांना आहे. खासगी क्लास स्वतःच्या नावाने जे देईल ते प्रमाणपत्र; त्याला पदवीचे क्रेडिट म्हणता येत नाही. जाहिरातीत कोणत्या विद्यापीठाचे नाव आहे, हे आधी पाहावे, आणि नाव असल्यास त्या विद्यापीठाकडेच थेट चौकशी करावी.

वेळेचा हिशेबही तपासून पाहावा. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार १ क्रेडिट म्हणजे ३० तासांचे शिक्षण. पदवीच्या एका विषयाला ४ क्रेडिट्स धरली, तर १२० तास झाले, म्हणजे सहा आठवड्यांच्या सुट्टीत एकही दिवस न चुकवता रोज जवळजवळ तीन तास. दहा-पंधरा दिवसांच्या शिबिरात इतकी क्रेडिट्स देण्याचा दावा कोणी करत असेल, तर तो याच हिशेबावर फेटाळता येतो.

‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळाचा मार्ग खरा आहे. तिथले अभ्यासक्रम कोणालाही विनामूल्य शिकता येतात आणि परीक्षेचे शुल्क तेवढे भरावे लागते. एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’वरून घेण्याची मुभाही २०२१ पासून आहे, परंतु ही तरतूद पदवीला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे आणि कोणते अभ्यासक्रम चालतील, हे त्यांचे महाविद्यालय ठरवते. बारावीतल्या मुलीने आत्ता उत्तीर्ण केलेला अभ्यासक्रम दोन वर्षांनी आपोआप मोजला जाईल, असे कोणीही आश्वासन देऊ नये आणि आपण ते मानूही नये.

शिवाय वेळापत्रकाची अडचण आहेच. ‘स्वयम्’वरील एनपीटीईएलचे, म्हणजे मुख्यतः आयआयटींच्या प्राध्यापकांनी शिकवलेले, अभ्यासक्रम बहुधा जानेवारीत आणि जुलैत सुरू होतात, तर आपल्याकडची सुट्टी मे-जूनची. दर आठवड्याला व्याख्यानांच्या चित्रफिती आणि ठरावीक तारखेपर्यंत द्यायचा स्वाध्याय, अशी रचना असते. स्वाध्यायांना २५ आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ गुण असतात. प्रमाणपत्रासाठी स्वाध्यायांत किमान १० आणि परीक्षेत किमान ३० गुण वेगवेगळे मिळवावे लागतात. जुलैचा १२ आठवड्यांचा अभ्यासक्रम घेतला, तर त्याची परीक्षा बारावीचे वर्ष ऐन भरात असताना येते. त्यामुळे सुट्टीत तिने जुन्या अभ्यासक्रमांच्या चित्रफिती पाहाव्यात आणि परीक्षेचे ओझे आत्ता घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर : मूळ मिरजेची, सध्या सॅन होजे येथे वास्तव्य

आपल्या भाच्याविषयी लिहिते, कारण माझा मुलगाही याच वाटेने गेला. येथे हायस्कूलच्या विद्यार्थ्याला कम्युनिटी कॉलेजात विषय घ्यायचा असेल, तर पालकांबरोबर शाळेचीही लेखी संमती लागते. बहुतेक ठिकाणी अशा अर्धवेळ विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्क माफ असते. पुस्तके आणि किरकोळ शुल्क आपल्याला भरावे लागते. नेहमीच्या सत्रात चार महिने चालणारा विषय उन्हाळ्यात सहा ते आठ आठवड्यांत संपवतात, त्यामुळे एक आठवडा आजारपणात गेला, तर तो भरून काढणे फार जड जाते.

येथे मिळालेली श्रेणी महाविद्यालयाच्या गुणपत्रकावर कायमची राहते आणि पुढे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या अर्जात ती दाखवावी लागते. विषय झेपत नसेल, तर ठरलेल्या तारखेच्या आत नाव काढून घ्यावे. तारीख उलटल्यावर गुणपत्रकावर त्याची खूण राहते. राज्यातील सरकारी विद्यापीठांत कोणता विषय कशाच्या बदल्यात धरला जातो, हे ‘असिस्ट’ या अधिकृत संकेतस्थळावर आधीच पाहता येते. खासगी विद्यापीठांचे नियम मात्र ज्याचे त्याचे असतात. काही क्रेडिट्स देतात, काही केवळ वरच्या वर्गात बसू देतात, काही दोन्हींना नकार देतात. आपल्या बहिणीला हे नाव नोंदवण्यापूर्वी अवश्य सांगावे. आणखी एक, नामांकित विद्यापीठांच्या नावाने चालणारी सर्वच उन्हाळी शिबिरे क्रेडिट देणारी नसतात. माहितीपत्रकात क्रेडिटचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर मिळते ते हजेरीचे प्रमाणपत्र.

उत्तर : अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, सांगली

काका, ताईला संख्याशास्त्र आणि संगणक आवडत असतील, तर आयआयटी मद्रासच्या डेटा सायन्सच्या ऑनलाइन बी. एस. पदवीची माहिती जरूर घ्या. अकरावीची वार्षिक परीक्षा दिलेल्यांनाही पात्रता फेरीसाठी अर्ज करता येतो. या फेरीत गणित, संख्याशास्त्र, संगणकीय विचारपद्धती आणि इंग्रजी यांचा चार आठवड्यांचा अभ्यास देतात. साप्ताहिक स्वाध्यायांत पुरेसे गुण असले, तरच पुढे केंद्रावर जाऊन परीक्षा देता येते.

पात्रता फेरीचे क्रेडिट मिळत नाही, हे मी मुद्दाम लिहिते. उत्तीर्ण झाल्यावर प्रत्यक्ष प्रवेश बारावीनंतर घेता येतो आणि मग पायाभूत टप्प्यातील ८ विषयांची ३२ क्रेडिट्स सुरू होतात. २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या करण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाची परवानगी असल्याने ताईला येथील पदवीबरोबर ही पदवी करता येईल. मी ही फेरी अकरावीच्या सुट्टीत दिली. संगणकीय विचारपद्धतीच्या पहिल्या आठवड्यात संगणकाला हातही लावावा लागत नाही. दुकानातल्या पावत्यांचा गठ्ठा एकेक करून उलटायचा आणि सर्वांत मोठी रक्कम कोणत्या पावतीवर आहे ते शोधायचे, इतकेच काम असते; पण ते कोणत्या क्रमाने केले, हे लिहून काढताना प्रोग्रामिंगची पद्धत मला प्रथमच कळली. बारावीत या अभ्यासाचा उपद्रव झाला नाही, कारण कॉलेज सुरू होण्यापूर्वी तो संपला होता.

प्रश्नकर्ते

आपणा सर्वांचा मी आभारी आहे. क्लासचे शुल्क भरणार नाही. उत्तरे मुलीला वाचून दाखवली. या सुट्टीत पात्रता फेरीचा अर्ज करावा, असे तिने ठरवले आहे, आणि तारखा जुळल्या नाहीत तर ती केवळ चित्रफिती पाहील. बहिणीलाही ‘असिस्ट’विषयी कळवले आहे. क्रेडिट बँकेचे खाते आत्ताच उघडून ठेवावे का?

उत्तर : संख्याशास्त्राचे प्राध्यापक, सातारा

घाई करण्याचे कारण नाही. तिचा ‘अपार’ क्रमांक, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक ओळख क्रमांक, शाळेमार्फत आपल्या संमतीने तयार झाला आहे का, एवढे विचारावे. तोच पुढे क्रेडिट खात्याला उपयोगी पडतो. मात्र आधार कार्डावरील आणि दहावीच्या गुणपत्रकावरील तिचे नाव व जन्मतारीख तंतोतंत जुळते का, हे या सुट्टीत जरूर पाहावे. वडिलांच्या नावाचा क्रम किंवा एखादे अक्षर वेगळे असल्यास प्रवेशाच्या वेळी नोंदणी अडते, आणि तेव्हा दुरुस्तीसाठी रांगेत उभे राहण्यापेक्षा आत्ता ते काम सोपे आहे.