कर्ज सेटलमेंट कंपनीकडे जावं का? आकडे दिले आहेत

शिवणेकर

हातात येणारा पगार ५१,०००. पतसंस्थेचा ४,५०० चा हप्ता पगारातून आधीच कापला जातो. घरभाडं धरून घरखर्च २६,०००, म्हणजे बाकीच्या कर्जांसाठी महिन्याला २५,००० उरतात. देणं असं आहे:

पहिलं क्रेडिट कार्ड: बाकी २,४०,०००, किमान देय १२,०००
दुसरं कार्ड: बाकी ८५,०००, किमान देय ४,२५०
बँकेचं वैयक्तिक कर्ज: बाकी ४,१०,०००, हप्ता १३,६००
दोन ॲपवरची कर्जं मिळून: बाकी ६०,०००, हप्ते ७,२००
पतसंस्था: बाकी १,५०,०००, ऑफिसातले दोन सहकारी जामीनदार

पतसंस्था सोडून महिन्याला ३७,०५० लागतात. १२,०५० कमी पडतात. पहिल्या कार्डाचं बिल या महिन्यात चुकलं, बाकी सगळं वेळेवर आहे. एलआयसीची एक पॉलिसी आहे, सरेंडर व्हॅल्यू (आज मोडली तर मिळणारी रक्कम) १,१०,०००.

एका कर्ज सेटलमेंट कंपनीचं म्हणणं: सगळे हप्ते बंद करा, फोन आमच्याकडे वळवा, दोन वर्षांत ४५ टक्क्यांत मिटवून देतो. नोंदणी ४,९९९, दरमहा ३,०००, शिवाय नोंदवलेल्या बाकीवर १५ टक्के अधिक जीएसटी. पतसंस्थेचं कर्ज ते घेत नाहीत. सही करावी का? की कर्ज समुपदेशनाची काही सोय आहे?

जमाखर्च

आधी त्यांचाच हिशेब मांडू. पतसंस्था वगळून तुमची बाकी ७,९५,०००. तिचे ४५ टक्के ३,५७,७५०. १५ टक्के फी १,१९,२५० आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी २१,४६५. दोन वर्षांचे मासिक ७२,०००, नोंदणी ४,९९९. एकूण ५,७५,४६४. म्हणजे ४५ टक्के म्हणता म्हणता ७२ टक्के झाले, आणि महिन्याला जवळजवळ २४,००० बाजूला काढावे लागणार. तुमच्याकडे उरतात २५,०००.

आता विचारा, ४५ टक्के कशाचे? आजच्या बाकीचे की सेटलमेंटच्या दिवशीच्या? पहिल्या कार्डाचा दर महिन्याला ३.५ टक्के धरला (तुमचा दर बिलावर छापलेला असतो) तर व्याज ८,४०० आणि त्यावर जीएसटी १,५१२, मिळून ९,९१२. आठ महिने काहीच भरलं नाही तर चक्रवाढ आणि उशिराचा दंड न धरताही बाकी ३,१९,००० च्या वर जाते. तिचे ४५ टक्के म्हणजे १,४३,०००, आजच्या बाकीच्या ६० टक्के. फी वेगळीच.

हाच आकडा दुसऱ्या बाजूनेही बघा. तुम्ही १२,००० किमान देय भरता, त्यातले ९,९१२ व्याज-जीएसटीत जातात. मुद्दल फिटतं २,०८८. कार्डाची बाकी वर्षानुवर्षं तशीच राहते ती यामुळे.

हप्ते न बुडवता काय होतं ते पाहा. चालू पॉलिसीवर एलआयसी सरेंडर व्हॅल्यूच्या साधारण ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देते, म्हणजे ९९,०००. त्यातून आधी ॲपची दोन्ही कर्जं ६०,००० भरून बंद करा. महिन्याचे ७,२०० सुटतात. मुदतीआधी बंद करण्याचं शुल्क किती ते करारात बघून मगच भरा आणि दोन्हीकडून बेबाकी दाखला (काही देणं उरलं नाही असं पत्र) घ्या. उरलेले ३९,००० पहिल्या कार्डावर टाका, बाकी २,०१,००० वर येईल. मग दोन्ही कार्डांच्या बाकीचे ३६ महिन्यांचे हप्ते पाडून मागा. वर्षाला १८ टक्के दर धरला तर पहिल्याचा हप्ता ७,२५० च्या आसपास, दुसऱ्याचा ३,०७५. व्याजावरचा जीएसटी सुरुवातीला ७७० पर्यंत. वैयक्तिक कर्ज १३,६००. पॉलिसीच्या कर्जाचं व्याज महिन्याला ८०० धरा. बेरीज साधारण २५,५००. पाचशे रुपये कमी पडतात, ते घरखर्चातून निघू शकतात. दर १८ ऐवजी २० टक्के लागला तरी दोन्ही हप्ते मिळून तीनशेच्या आसपास वाढतात.

कागदावर कंपनीचा मार्ग वर्षभर आधी संपतो आणि स्वस्तही दिसतो, हे मान्य. पण तो ४५ टक्के नक्की मिळतील या एका गृहीतकावर उभा आहे, आणि ते कंपनीच्या हातातच नाही.

वसुलीखातं

सेटलमेंट बँकेत कसं होतं ते सांगतो, म्हणजे हप्ते बंद करायला का सांगतात ते कळेल.

वेळेवर हप्ता भरणाऱ्याला कुठलीही बँक सूट देत नाही. ९० दिवस थकलं की खातं एनपीए (बँकेच्या लेखी थकीत, अनुत्पादक कर्ज) होतं आणि तिथून पुढे सवलतीचा विषय निघू शकतो. म्हणजे कंपनीला तुमच्याकडून हवं असतं ते तुमचं थकणं. तुमचं आज एकच बिल चुकलंय. त्यांच्या योजनेत शिरायचं तर चांगली चाललेली चार खाती स्वतःच्या हाताने बिघडवावी लागतील.

रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ ला तडजोडीबाबत चौकट घालून दिली. सेटलमेंटची रक्कम भरायला तीन महिन्यांपेक्षा जास्त मुदत दिली तर ते प्रकरण पुनर्रचनेत (कर्जाच्या अटी बदलून देण्यात) मोडतं. त्यामुळे बँका एकरकमी किंवा दोन-तीन हप्त्यांत मागतात. दोन वर्षं थोडं थोडं देऊन सेटलमेंट होत नाही. दोन वर्षं पैसे साठवायचे आणि तोवर व्याज, फोन, नोटिसा सोसायच्या, असा त्याचा अर्थ. त्याच चौकटीनुसार तडजोड केलेल्या कर्जदाराला तीच बँक किमान १२ महिने नवं कर्ज देऊ शकत नाही (शेतीकर्जाचा नियम वेगळा). सिबिलवर (कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालावर) 'सेटल्ड' हा शेरा त्याहून बराच जास्त काळ राहतो, आणि घरकर्जाच्या वेळी बहुतेक बँका आधी उरलेली रक्कम भरून शेरा 'क्लोज्ड' करून आणा म्हणतात.

पुढे कधी नाइलाजाने सेटलमेंट करावंच लागलं तर पत्र बँकेच्या लेटरहेडवर हवं. त्यात कर्जखाते क्रमांक, पूर्ण व अंतिम रक्कम, भरायची शेवटची तारीख, उर्वरित रकमेवर दावा राहणार नाही, दिलेले चेक परत मिळतील, दावा चालू असेल तर मागे घेतला जाईल, एवढं स्पष्ट लिहिलेलं असावं. ते पत्र शाखेत किंवा बँकेच्या अधिकृत ईमेलवरून खरं आहे का ते तपासा. पैसे फक्त कर्जखात्यात भरा, वसुली एजंटच्या यूपीआयवर कधीच नको. 'आज पाच हजार टाका, पत्र उद्या देतो' यावर जे दिलं जातं ते थकबाकीत जमा होतं आणि सेटलमेंट होतच नाही. शेवटची तारीख एका दिवसाने चुकली तरी सवलत रद्द होऊन पूर्ण बाकी पुन्हा उभी राहते.

तालुका_वकील

कंपनीच्या माहितीपत्रकात न सापडणाऱ्या गोष्टी लिहितो.

खात्यात पैसे नसल्यामुळे हप्त्याचं ऑटो डेबिट परतलं तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ चं कलम २५ लागू शकतं. चेक न वटण्याच्या कलम १३८ सारखंच ते आहे: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुप्पट दंड किंवा दोन्ही. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत ती रक्कम भरली तर फिर्याद उभी राहत नाही. म्हणूनच 'नोटिसा आमच्याकडे पाठवा, तुम्ही काही करू नका' हा सल्ला मला फार धोक्याचा वाटतो. ते १५ दिवस कुणाच्या तरी टेबलावर पडून संपतात आणि कोर्टात उभं तुम्हालाच राहावं लागतं. लवादाच्या (कोर्टाबाहेर वादाचा निवाडा करणाऱ्याच्या) नोटिशीचंही तसंच. गैरहजेरीत निवाडा झाला तर त्याची अंमलबजावणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी होते.

पगार खातं आणि कार्ड किंवा कर्ज एकाच बँकेत आहे का ते आजच बघा. असेल तर थकल्यावर बँक त्या खात्यातली रक्कम देण्यापोटी वळती करून घेऊ शकते. तसा अधिकार करारात लिहिलेला असतो. घरभाडं तिथेच अडकतं.

दिवाणी हुकूमनामा झाला तर पगारावर जप्ती येते, पण सगळ्या नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. जप्तीयोग्य पगार ५१,००० धरला तर जास्तीत जास्त १६,६६६ कापले जातील. भविष्य निर्वाह निधीला हात लावता येत नाही. 'उद्या घरी पोलीस येतील' असं फोनवर सांगणारा खोटं बोलतो, हे घरच्यांनाही सांगून ठेवा.

तुमच्या यादीत सगळ्यात जपायचं कर्ज पतसंस्थेचं आहे. व्याज कमी दिसतं म्हणून लोक त्याला शेवटी ठेवतात, आणि तिथेच चुकतात. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ४९ खाली पगारातून कपात होते, नोकरी सुटली की ती थांबते. मग कलम १०१ चा वसुली दाखला निघतो आणि कलम १५६ खाली वसुली अधिकारी जप्तीला येतो, दिवाणी कोर्टात दावा न लावता. तो दाखला जामीनदारांवरही निघतो. रोज शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाचा पगार तुमच्यासाठी कापला जाणं, हे कुठल्याही टक्केवारीत बसत नाही. आणि पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्याकडे) येत नाही. तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात.

लोकअदालतीची नोटीस आली तर जरूर जा. फी नसते, बँकेचा अधिकारी समोर बसलेला असतो. मात्र निवाड्यावर अपील नाही. झेपणार नाही तो हप्ता संकोचाने मान्य करू नका. पुढे तो चुकला की बँक थेट अंमलबजावणीला जाते.

शिवणेकर

दोन प्रश्न. कार्डाच्या बँकेने हप्ते पाडून द्यायला नकार दिला तर? आणि समुपदेशन केंद्राचं कुणी काही सांगितलं नाही.

अग्रणी_शाखा

रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये वित्तीय साक्षरता आणि ऋण समुपदेशन केंद्रांची योजना आणली, २०१२ पासून ती आर्थिक साक्षरता केंद्रं म्हणून चालतात. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडे (जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा मेळ घालणाऱ्या बँकेकडे) चौकशी करायची. पुणे जिल्ह्याची अग्रणी बँक म्हणजे बँक ऑफ महाराष्ट्र. सल्ला मोफत असतो. तिथे बसलेला समुपदेशक बऱ्याचदा निवृत्त बँक अधिकारी असतो. अपेक्षा मात्र नेमकी ठेवा: तो व्याज माफ करून देऊ शकत नाही. उत्पन्न-खर्चाचा तक्ता मांडून देईल, अर्ज नीट लिहून देईल, कुणाला भेटायचं ते सांगेल. जाताना तीन महिन्यांच्या पगारपावत्या, सहा महिन्यांचं खातेपुस्तक, सगळ्या कर्जांची विवरणं आणि सिबिलचा अहवाल न्या. सिबिलसारख्या चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षाला एक अहवाल फुकट मिळतो. त्यात चूक असेल तर दुरुस्ती मागा. ३० दिवसांत झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई द्यायचा नियम आहे.

कुठल्याही खासगी सल्लागाराला हे विचारा: काम होण्याआधी पैसे घेता का, साठवायची रक्कम कुणाच्या खात्यात राहील, हप्ते थांबवायला सांगता का, सिबिल 'साफ' करून देण्याची हमी देता का. यातल्या एकालाही अडखळत उत्तर आलं तर उठून या. सेटलमेंट कंपन्यांना रिझर्व्ह बँकेचा परवाना लागत नाही, त्यामुळे त्यांच्याविरुद्ध लोकपालाकडे दाद नाही. फी घेऊन 'कर्जमाफी प्रमाणपत्र' देणाऱ्यांबद्दल तर रिझर्व्ह बँकेने ११ डिसेंबर २०२३ ला जाहीर इशारा दिला होता.

नकाराचं म्हणाल तर कॉल सेंटरवरचा नकार धरू नका. तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या ईमेलवर लेखी अर्ज पाठवा, आणि तो कार्ड थोड्याच दिवसांचं थकलेलं असतानाच. हप्ते पाडून देणं बँकेच्या मर्जीवर आहे, त्यासाठी लोकपाल काही करणार नाही. चुकीचा दंड, सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतरचे वसुलीचे फोन, नातेवाइकांना मेसेज, यासाठी मात्र करेल. आधी बँकेकडे तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर लोकपाल. माहितीसाठी क्रमांक १४४४८.

तरीही नकारच आला तर सोनं तारण ठेवून पहिलं कार्ड संपवता येतं का बघा. तारणकर्जाचा वर्षाचा दर कार्डाच्या तीन-चार महिन्यांच्या व्याजाइतकाच असतो. मात्र कार्ड बंद करायचं, नाहीतर सहा महिन्यांत सोनंही तारण आणि कार्डही भरलेलं.

अर्ज असा लिहा:

"माझ्या कार्डावर आज २,०१,००० रुपये बाकी आहे. पगार ५१,०००, घरखर्च २६,०००, इतर हप्ते १७,५००. पगारपावत्या व खातेउतारा सोबत जोडला आहे. या कार्डासाठी दरमहा ७,५०० रुपये भरू शकतो. कार्ड कायमचं बंद करून बाकी ३६ समान हप्त्यांत द्यावी. व्याजदर, प्रक्रिया शुल्क आणि त्यावरील जीएसटी लेखी कळवावा. हा अर्ज मंजूर होईपर्यंत दर महिन्याच्या ५ तारखेला ७,५०० भरत राहीन."

शेवटच्या ओळीप्रमाणे पहिले ७,५०० अर्जाच्या दिवशीच भरा आणि पावतीचा क्रमांक अर्जात घाला. ते किमान देयापेक्षा कमी आहेत, म्हणून दंड लागेल आणि सिबिलवर थकबाकी दिसेल. मंजुरी आली की लागलेला दंड माफ करायची मागणी वेगळ्या ईमेलने करा.