टायगर मॉथचे पंख मागे झुकलेले का?

प्रश्न (शहापूर, बेळगाव)
नमस्कार. सांबऱ्याच्या हवाई दल केंद्रामुळे माझ्या मुलीला विमानांचे वेड लागले आहे. शाळेच्या प्रदर्शनासाठी आम्ही दोघे बाल्साच्या हलक्या लाकडाचे टायगर मॉथ, म्हणजे एकावर एक दोन पंख असलेल्या जुन्या ब्रिटिश प्रशिक्षण विमानाचे मॉडेल, करत आहोत. आराखड्यात दोन्ही पंख टोकांकडे मागे झुकले आहेत आणि वरच्या पंखाचा मधला भाग पुढच्या बैठकीच्याही पुढे आहे. ताशी जेमतेम पावणेदोनशे किलोमीटर वेगाच्या विमानाला हा झुकाव कशासाठी? पंख सरळ बसवले तर चालतील का?

उत्तर (निपाणी)
कृपया सरळ बसवू नका, या विमानाची ओळखच त्या झुकावात आहे. हे विमान बनवणाऱ्या डी हॅविलंड कंपनीच्या आधीच्या मॉथ विमानांत पुढची बैठक वरच्या पंखाखाली, त्याला धरणाऱ्या खांबांच्या मधोमध असे आणि डोक्यावर इंधनाची टाकी असे. त्यामुळे पॅराशूट बांधलेल्या प्रशिक्षकाला संकटात तेथून बाहेर पडणे फार अवघड जाई. लष्करी प्रशिक्षणात ते चालण्यासारखे नव्हते, म्हणून टाकीसह तो मधला भाग पुढे सरकवला. पण पंख पुढे गेला की त्याची उचलही पुढे सरकते आणि विमानाचा तोल बिघडतो. तो सावरण्यासाठी पंखांची टोके मागे घेतली. २६ ऑक्टोबर १९३१ रोजी हे विमान प्रथम उडाले. विद्यार्थी मागच्या बैठकीत बसे आणि एकट्याने उडवतानाही मागेच बसावे लागे, त्यामुळे मॉडेलमध्ये एकच वैमानिक ठेवणार असाल तर तो मागे ठेवा. आपल्या हवाई दलातही वैमानिकांच्या कितीतरी तुकड्या याच विमानावर शिकल्या. पुढे त्याची जागा बेंगळुरूला बनलेल्या एचटी-२ या प्रशिक्षण विमानाने घेतली.

उत्तर (खानापूर)
मी सुतारकाम करतो, म्हणून बांधणीविषयी लिहितो. पंखांचा सांगाडा लाकडी, धडाचा मात्र पोलादी नळ्यांचा, आणि वरून कापड. त्या कापडावर डोप नावाचे रसायन चढवत. ते वाळताना, हलगी शेकल्यावर कातडे ताणावे तसे, कापड ताठ होते. मॉडेलवर पातळ कागद चिकटवून पाण्याचा हलका फवारा मारा, वाळल्यावर तोही तसाच ताणून बसेल. आणखी एक गोष्ट जरूर पाहा: एलेरॉन, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपा, फक्त खालच्या पंखांना असतात. शेपटीखाली चाकाऐवजी घसरपट्टी असते.

प्रश्नकर्ता
आपणा दोघांचे मनापासून आभार. आम्ही वरच्या पंखांनाही एलेरॉन कापले होते. ते आज रात्रीच बुजवतो. झुकावाचे कारण तक्त्यावर मुलगी स्वतःच्या अक्षरात लिहिणार आहे.